भावानं खरं सांगितलं तेव्हा

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझा भाऊ सहा वर्षांचा. वडील एका मिशनच्या दवाखान्यात बागेचं काम करायचे. सकाळी लवकर जायचे, दिवेलागणीला परत यायचे. मधला सगळा दिवस भाऊ माझ्या ताब्यात. त्याची वेणीफणी सोडली तर मी त्याची आईच होते, असं वडील हसत म्हणायचे. तो हट्टी होता, धडपड्या होता आणि कोणतीही गोष्ट हळू करणं त्याला माहीत नव्हतं. जेवणसुद्धा तो पळत पळत जेवायचा.

माझं लग्न झालं आणि वर्षभरात वडीलही गेले, तेव्हा भावाला आपल्या घरी आणायचं हे माझ्या नवऱ्यानं मला न विचारताच ठरवून टाकलं. हे तारघरात कारकून होते. अंगानं उंच, आवाजानं मोठे. रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायन सुरू झालं की सगळ्यांच्या वर यांचा आवाज जायचा आणि तो सुरात कधीच नसायचा. पाळकसाहेबांची बायको एकदा मला म्हणाली होती, "तुमचे मिस्टर देवाला ऐकू जावं म्हणून गातात. आमचा विचार करत नाहीत."

आम्ही नागपुरात विणकरांच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे छोटी पडवी. मधल्या भिंतीपलीकडे एक कोष्टी कुटुंब होतं. त्यांच्या घरात पूर्वी हातमाग होता. पुढे लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून घरधनी कापडाच्या दुकानात मापाला लागला. त्याच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. शाळेत असले की माझी मुलगी मावशीकडे. ती तिथेच रांगली, तिथेच बोलायला शिकली, आणि घरी येऊन मला "का गं" ऐवजी "काहून वं" असं विचारायला लागली. तेव्हा हे पोट धरून हसले होते.

भाऊ शिकून फिटर झाला आणि त्याला कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. काही महिन्यांनी त्यानं जुनी स्कूटर घेतली. त्याला कामावर कायम केल्याचं पत्र मिळालं, त्या आठवड्यात तो यांच्या मागेच लागला. "भाऊजी, एकदा माझं मशीन पाहायला चला. साहेबालेही भेटवतो." उन्हाळ्याचे दिवस होते. शनिवारी यांची अर्ध्या दिवसाची सुट्टी. जेवून दोघं निघाले. मी पडवीत उभी होते. यांनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि मुलगी त्या रुमालाला हसत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास कारखान्यातलाच एक माणूस धावत आला. काटोल नाक्याच्या बरंच पलीकडे रस्त्याच्या कामाची गिट्टी पडली होती, तिथे स्कूटर घसरली. भावाचा डावा हात कोपरातून मोडला. यांचं डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यात हे शुद्धीवर आलेच नाहीत. सोमवारी सकाळी सगळं संपलं. मी बत्तीस वर्षांची होते, मुलगी तीन.

भावानं पोलिसांना सांगितलं, मला सांगितलं, देवळातल्या सगळ्यांना सांगितलं की गाय आडवी आली. तिला चुकवायला गेलो आणि तोल गेला. कोणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. त्या रस्त्यावर गाई असतातच.

पुढचे दोन महिने मी त्याला जपलं. लोकांना ते उलटं वाटायचं. विधवा मी झाले होते आणि समजूत मी त्याची घालत होते. त्याच्या हाताला प्लास्टर होतं. त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावून द्यायची. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "देवाची इच्छा होती रे. तू काय करणार?" हे म्हणताना माझ्या स्वतःच्याही जिवाला थोडं बरं वाटायचं. देवळातल्या बाया म्हणायच्या, हिचा विश्वास बघा. मलाही वाटायला लागलं होतं की माझा विश्वास मोठा आहे.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे ओळीनं पुढे जातात. भाऊ उठला नाही. दुसऱ्या महिन्यातही उठला नाही. मी म्हटलं, दुःखात आहे, राहू दे.

त्यानंतर आठवड्यानं, एका दुपारी, मी पडवीत बसून एका फ्रॉकला काज करत होते. मुलगी मावशीकडे झोपली होती. भावाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तो माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"ताई, गाय नव्हती."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कोणती गाय?"

"रस्त्यावर गाय नव्हती. माझा एक दोस्त मोटारसायकलवर होता. आम्ही शर्यत लावली होती. भाऊजींनी दोन वेळा माझ्या खांद्यावर हात मारला, हळू चालव म्हणून. मी ऐकलं नाही."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते मला आजही लाजवतं. मी म्हटलं, "मग मले सांगायची काय गरज होती?"

तो म्हणाला, "तू रोज मले म्हणतेस, देवाची इच्छा होती. ते मले ऐकवत नाही, ताई. देवाची नव्हती. माझी होती."

मी उठले. त्याच्या दोन पँटी, सदरे आणि त्याचं गायनाचं पुस्तक एका पिशवीत भरलं आणि पिशवी पडवीच्या पायरीवर ठेवली.

"जा."

"कुठं जाऊ?"

"मले माहीत नाही. पण या घरात नको."

तो गेला. रडला नाही, विनवणी केली नाही, फक्त जाताना मावशीच्या दाराशी उभा राहून झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. मावशीनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी मुलीला आणून देताना ती माझ्याजवळ बसली.

"काहून हाकललं वं त्याले? त्यानं खोटंच बोलत राहायचं होतं काय?"

"तुमचा नवरा गेला असता म्हणजे मग विचारलं असतं," मी म्हणाले.

उठताना एवढंच म्हणाली, "तुह्यं खरं आहे. मले काय माहीत."

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग मुलीसाठी बोलावंच लागलं.

भावानं आमच्या देवळात येणं बंद केलं. मी येते तिथे आपण यायचं नाही असं त्यानंच ठरवलं असावं. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या चर्चची एक लहान मंडळी होती, तिथे तो जातो असं कोणीतरी सांगितलं. त्यानं स्कूटर विकली आणि तो कारखान्याच्या बसनं जायला लागला. एवढं कानावर आलं. मी कधी विचारलं नाही.

मी मात्र देवळात जात राहिले. खरं सांगायचं तर सवयीनं, मुलीसाठी आणि लोकांसाठी. आत काहीच उरलं नव्हतं. आधी मी देवाची इच्छा म्हणून दुःख सोसलं होतं. आता देवाची इच्छा नव्हती असं कळलं, तर देव त्या वेळी कुठे पाहत होता? गिट्टी त्याला दिसली नाही? खांद्यावर मारलेले दोन हात त्याला ऐकू आले नाहीत? गायनाच्या वेळी मी ओठ हलवायची. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, तिच्यात क्षमेचं वाक्य आलं की माझं तोंड मिटायचं आणि पुढच्या वाक्याला उघडायचं. प्रभुभोजनाला मी बसून राहायची. मनात सख्ख्या भावाबद्दल एवढं धरून ठेवून पुढे जाणं मला जमत नव्हतं. खोटेपणा करायचा नाही एवढंच माझ्याकडे शिल्लक होतं, आणि खोटेपणा सोडल्याबद्दलच मी एकाला घराबाहेर काढलं होतं. पण हे तेव्हा मला दिसलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. जुने पाळक निवृत्त झाले आणि अहमदनगरकडचे एक नवे पाळक आले. पन्नाशीचे, बारीक, बोलायला सावकाश. जुने पाळक मला अधूनमधून वचनं ऐकवायचे. हे नवे काहीच बोलायचे नाहीत. दाराशी "सलाम, बाई," म्हणायचे आणि मुलीच्या अभ्यासाचं विचारायचे.

एकदा त्यांच्या पांढऱ्या झग्याची खालची पट्टी उसवली. त्यांच्या बायकोनं मला बोलावलं. मी त्यांच्या व्हरांड्यात बसून टाके घालत होते आणि ते समोर खुर्चीवर पेपर वाचत होते. मलाच राहवलं नाही.

"मी प्रभुभोजनाला उठत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल."

"पाहिलं आहे."

"मग विचारलं नाहीत?"

"तुम्ही सांगाल तेव्हा ऐकायचं, असं ठरवलं होतं."

मी सगळं सांगितलं. गाय, गिट्टी, शर्यत, पिशवी. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता. शेवटी मी म्हणाले, "आता तुम्ही मला सांगणार की क्षमा करा."

"नाही सांगणार," ते म्हणाले. "सांगून होत असतं, तर आमचं काम फार सोपं झालं असतं. तुम्हाला क्षमा करावीशी वाटते का?"

मी विचार केला. "नाही वाटत."

"मग तसंच देवाला सांगा. मला जमत नाही आणि मला तसं वाटतही नाही. रोज सांगा. त्यात गोड काही घालू नका."

"ही काय प्रार्थना झाली?"

"तुम्ही बऱ्याच वर्षांत त्याच्याशी खरं असं काही बोललेला नाहीत. इथून सुरुवात करून बघा."

मला त्यांचा रागच आला. पण घरी आल्यावर भांडी घासताना मी म्हणाले, "मला जमत नाही." मोठ्यानं म्हणाले. कोणी ऐकायला नव्हतं. मग रोज म्हणायला लागले, कधी भांडी घासताना, कधी शाळेत जाताना. सुरुवातीला ते मी देवाला टोचायला म्हणायची. पुढे कितीतरी दिवस नुसतं सवयीनं. आणि एकदा, का कोण जाणे, शाळेच्या फाटकाशी ते शब्द म्हणताना मला रडू फुटलं, कारण त्या दिवशी मला ते जमावं असं वाटत होतं. वाटणं आणि जमणं यांत अजून बराच काळ जायचा होता. पण कोणीतरी ऐकत आहे, असं मला तेव्हापासून पुन्हा वाटायला लागलं. माझा विश्वास परत आला तो असा. पूर्वीइतका मोठा नव्हता. पण माझा होता.

मुलगी बारा वर्षांची झाली. उंची बापाची आणि हट्ट मामाचा. तिला सायकल शिकायची होती. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली सायकलवर यायच्या. मी साफ नाही म्हटलं. चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. बापाचंही नाव घरात निघत नव्हतं. तेही माझ्याच भीतीमुळे. बोलायला लागले तर कुठे जाऊन थांबेन, याचा मला भरवसा नव्हता.

दर शनिवारी दुपारी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. एका शनिवारी आली ती गुडघा सोलवटून.

"काय झालं?"

"पडले. मैत्रिणीच्या जिन्यावर."

मी आयोडीन लावलं. ती डोळे मिटून बसली. दुसऱ्या दिवशी देवळातून आल्यावर मी शिवणाच्या मशीनवर बसले होते. ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती.

"आई, मी जिन्यावरून पडले नाही. मी सायकलवरून पडले. मामा शिकवतो मला. प्रताप नगरला तो राहतो, तिथे मैदान आहे."

माझा पाय पायट्यावरच थांबला. हात वर गेला. मारणारच होते. तिनं मान चुकवली नाही. ती जागची हलली नाही. आणि ती म्हणाली, "मामा सारखा म्हणत होता, आईला खरं सांग. मी म्हटलं, तू खरं सांगितलंस तर आईने तुला घराबाहेर काढलं. मला पण काढेल."

माझा हात आपोआप खाली आला.

मी तिला जवळ घेतलं की तिनं मला घेतलं, ते आठवत नाही. नंतर मी विचारलं, "मामानं तुला सगळं सांगितलं?"

"हो. शर्यत लावली तेही. बाबांनी दोनदा खांद्यावर हात मारला तेही."

"आणि तरी तू जातेस?"

"मला खूप राग आला होता. दोन शनिवार मी गेलेच नाही. मग गेले."

दोन शनिवार. मला नववं वर्ष चालू होतं.

मामाचा पत्ता तिला कोणी दिला हे विचारायची गरज नव्हती. मी मावशीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. माझा चेहरा पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"व्हय, म्याच सांगतला पत्ता. पोट्टी बापाले शोधून राहिली होती वं. इथं येऊन मले विचारे, बाबा कसे बोलत, बाबा कसे हसत. मले जेवढं माहीत होतं तेवढं सांगतलं. मंग म्हटलं, तुह्या मामाले विचार, तो शेवटपर्यंत संग होता. तू तर कधी नावच घेत नाई."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि तांदूळ निवडायला लागले.

पुढच्या शनिवारी मी मुलीबरोबर गेले. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं. तेव्हा तिकडे घरं विरळ होती, मधेमधे मोकळं रान होतं. भाऊ मैदानाच्या कडेला सायकल घेऊन उभा होता. मला पाहून तो हलला नाही. तेहतीस वर्षांचा होता आणि कानाजवळचे केस पांढरे झाले होते. डावा हात कोपरात थोडा वाकडाच राहिला होता.

"सलाम, ताई."

मुलीनं आम्हा दोघांकडे पाहिलं, त्याच्या हातातली सायकल घेतली आणि एकटीच डुगडुगत मैदानात निघाली. जरा पुढे गेल्यावर ती नीट चालवायला लागली. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत उभे राहिलो, कारण एकमेकांकडे पाहणं कठीण होतं.

मी विचारलं, "त्या दिवशी हे काय बोलले?"

नऊ वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं. त्यानं जसंच्या तसं सांगितलं. कारखान्यात भाऊजींनी त्याचं मशीन हात लावून पाहिलं. साहेबाला म्हणाले, हा माझा मेव्हणा, याला मी लहानाचा मोठा होताना पाहिलं आहे. चहा प्याले. येताना रस्त्यावर पहिल्यांदा खांद्यावर हात मारून म्हणाले, हळू. दुसऱ्यांदा हात मारला तेव्हा हसत होते. म्हणाले, "अरे, पडलो तर तुझ्या ताईले मी काय सांगू?"

मी हे ऐकलं आणि मला त्यांचा आवाज आला. मोठा, बेसूर, हसणारा. त्या मैदानात उभी राहून मी माझ्या भावाला नको नको ते बोलले. नऊ वर्षांचं सगळं बोलले.

"तू ऐकायचं होतंस."

"हो."

"एकदा तरी ऐकायचं होतंस त्यांचं!"

"हो, ताई."

"मुलीला बाप दिसला असता."

"हो."

त्यानं एकही सबब सांगितली नाही. पोरवय होतं, दोस्तानं भरीला घातलं, गिट्टीजवळ पाटी नव्हती, असं काहीही नाही. मी थकले तेव्हा तो तिथेच उभा होता. मग मला दिसलं की तो किती वाळला आहे. मी म्हटलं, "नीट खात नाहीस का?" आणि तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडला.

मी क्षमा केली असं म्हटलं नाही. म्हणता आलं नसतं. निघताना म्हणाले, "उद्या देवळात ये."

"तू असशील?"

"मी दर रविवारी असते."

तो आला. शेवटच्या बाकावर बसला. जुन्या माणसांनी त्याला ओळखलं, हात मिळवला. कोणी काही विचारलं नाही. पाळकांनी दाराशी त्याला "सलाम" म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पण इथे सगळं मिटलं असं कोणी समजू नये. यांच्या स्मरणदिनी भाऊ फुलं घेऊन दफनभूमीत आला, तेव्हा त्याला कबरीपाशी उभं राहिलेलं मला पाहवेना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू जा इथून." तो फुलं माझ्या हातात देऊन गेला. मी घरी येऊन पडून राहिले. वाटलं, काहीच झालेलं नाही, मी जिथे होते तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी पाळकांकडे जाऊन तसं सांगितलं.

ते म्हणाले, "क्षमा काल हातून निसटली, आज पुन्हा करा. उद्या पुन्हा निसटली तर उद्या पुन्हा. रोज लागत असेल तर रोज."

"कंटाळा नाही येणार?"

"तुम्हाला येईल. देवाला अजून आलेला दिसत नाही."

मी त्याच संध्याकाळी प्रताप नगरला गेले. भाऊ खोलीवर भाजी चिरत होता. मी त्याच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली आणि उरलेली भाजी चिरली.

पुढच्या ईस्टरला प्रभुभोजनाच्या वेळी मी उठले. ठरवून नव्हे. माझी ओळ उठली आणि मी तिच्याबरोबर उठले. मागच्या बाकावरून भाऊही उठलेला मला वळताना दिसला. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला तेव्हा मोठं काही जाणवलं नाही. भूक लागलेल्या माणसाला घास मिळावा, तेवढंच वाटलं. मुलगी तेव्हा गायनमंडळात उभी होती आणि तिचाही आवाज सगळ्यांच्या वर जात होता.

त्यानंतर तीन वर्षांनी मी भावाच्या लग्नाचं मनावर घेतलं. तो नाही म्हणायचा. माझ्यासारख्याला कोण मुलगी देणार, म्हणायचा. बेसा तेव्हा शहराबाहेरचं खेडंच होतं. तिथल्या शाळेत आमच्याच समाजाची एक शिक्षिका होती, वय थोडं वाढलेली, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. पाळकीणबाईंनी तिचं नाव सुचवलं. भाऊ एका अटीवर तयार झाला. तिला आधी सगळं सांगायचं, आणि ते मी सांगायचं. "मी सांगितलं तर स्वतःला सावरून सांगेन," तो म्हणाला. "तू सांगशील ते नीट असेल."

मी एकटीच बेशाला गेले. त्यांच्या ओसरीवर चटईवर बसून मी म्हातारीला आणि तिच्या मुलीला सुरुवातीपासून सगळं सांगितलं. त्याची शर्यत सांगितली, त्याचं खोटं सांगितलं, त्याचं खरं सांगितलं. मी त्याला घराबाहेर काढलं तेही सांगितलं आणि नऊ वर्षं मोजून सांगितली. म्हातारी ऐकत होती. तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. शिक्षिका मधेच उठून आत गेली. मला वाटलं, झालं, इथून नकार घेऊनच जायचं.

म्हातारीनं मला विचारलं, "तुहा नवरा गेला त्याच्या पायी. आता तू त्याच्या हातचं जेवतेस काय वं?"

"जेवते. दर रविवारी. कधी तो माझ्याकडे, कधी मी त्याच्याकडे."

"चांगलं रांधते काय तो?"

"रांधतो बरं," मी खरं ते सांगितलं. "मीठ फार टाकतो."

म्हातारी पहिल्यांदा हसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला कळलं की शिक्षिका नकार द्यायला आत गेली नव्हती, माझ्यासाठी भात टाकायला गेली होती. ती दाराशी आली, पदराला हात पुसत, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मिठाचं मी पाहून घेईन."